धावपट्टीआधी वाऱ्याची खरी खबर हवी

चाकणला विमानतळ होणार, ही बातमी या पट्ट्यातील व्यापाऱ्यांनी किती वेळा ऐकली याचा हिशेब आता कोणी ठेवत नाही. चाकण, मग राजगुरुनगर, मग खेड तालुक्यातीलच दुसरी जागा, असे करता करता वर्षे गेली. डोंगर आडवे आले, जमीनमालकांचा विरोध झाला आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने पुरंदरची जागा जाहीर केली. तरीही पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या व्यापारी बैठकांत विषय निघतोच. मोठा विमानतळ नाही तर नाही, निदान छोटी विमाने उतरतील अशी एखादी धावपट्टी द्या, असे कारखानदार म्हणतात. आम्हीही अशा एका बैठकीत मान डोलावली होती.

आज आम्हाला त्या मान डोलावण्याचा थोडा पस्तावा होतो. धावपट्टी नको असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या बैठकीत जमिनीचा भाव निघाला, रस्त्याची रुंदी निघाली, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे हेसुद्धा निघाले. एक प्रश्न मात्र कोणीही विचारला नाही, आम्हीही नाही. तो प्रश्न असा की, विमान उतरताना वारा कोणीकडून आहे, समोरचे किती दूरवर दिसते आणि पट्टी ओली आहे की कोरडी, हे वैमानिकाला कोण सांगणार?

बारामतीची सकाळ

२८ जानेवारी २०२६ च्या सकाळी या प्रश्नाचे उत्तर साऱ्या महाराष्ट्राला शोधावे लागले. राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांचे छोटे जेट विमान मुंबईहून बारामतीला उतरताना धावपट्टीजवळ कोसळले आणि विमानातील पाचही जण मरण पावले. पवार हे पुण्याचे पालकमंत्री होते आणि पिंपरी-चिंचवडच्या घडणीत त्यांचा हात होता. त्या दिवशी आमच्या बाजारातील दुकानांच्या फळ्या आपोआप अर्ध्यावर आल्या. पाच घरांत अंधार झाला. त्यांत वैमानिकांची घरे होती, अंगरक्षकाचे होते, विमानातील सेविकेचे होते. हे आम्ही विसरलेलो नाही.

अपघात कोणाच्या चुकीने झाला हे सांगणे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे. दुकानाच्या गादीवर बसून आम्ही निकाल देणार नाही. परंतु केंद्रीय नागरी उड्डयन मंत्रालयाने त्याच दिवशी जी माहिती दिली, ती प्रत्येक व्यापाऱ्याने नीट वाचावी अशी आहे. बारामती हे तेव्हा 'अनियंत्रित' विमानतळ होते. म्हणजे तेथे सरकारी हवाई वाहतूक नियंत्रक बसत नव्हता. वारा आणि इतर विमानांची माहिती तेथील वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे शिक्षक किंवा वैमानिक रेडिओवरून देत. त्या सकाळी विमानाने वारा आणि दृश्यमानता विचारली. उत्तर मिळाले की, वारा शांत आहे आणि सुमारे ३,००० मीटरपर्यंत दिसते. विमान ११ क्रमांकाच्या धावपट्टीकडे आले, पट्टी दिसली नाही म्हणून पुन्हा वर गेले, दुसऱ्यांदा आले आणि कोसळले.

आता नियम पाहा. यंत्रांच्या मदतीशिवाय, केवळ डोळ्यांनी पाहून विमान चालवायचे असेल तर साधारणपणे ५ किलोमीटरपर्यंत दिसले पाहिजे. बारामतीला विमानाला सरळ पट्टीवर आणून सोडणारी यंत्रणा नव्हती. अपघातानंतर हवाई दलाने तेथे हवाई वाहतूक नियंत्रण आणि हवामान सेवेसाठी आपली माणसे पाठवली. म्हणजे ही सेवा देता येत होती. ती आधी का दिली गेली नाही, एवढाच आमचा सवाल आहे. आणि तो एका विमानतळापुरता नाही.

आमच्याच कापडाची गोष्ट

दुसऱ्याला विचारण्याआधी आपली चूक सांगावी, असे आम्हाला शाळेत शिकवले गेले. म्हणून आमची एक जुनी गोष्ट येथे सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील एक टेलर मास्टर दुकानात आले. या पट्ट्यातील एका कारखान्याने त्यांना वाऱ्याची नळी शिवायला सांगितली होती. त्या कारखान्यात थंडाव्यासाठी अमोनिया वापरत. अशा ठिकाणी उंच खांबावर कापडी नळी टांगतात. तिला विंडसॉक म्हणतात. वायू गळलाच तर कामगारांनी त्या नळीकडे पाहावे, वारा कोणीकडे वाहतो ते ओळखावे आणि वायू ज्या बाजूला जात असेल ती बाजू सोडून पळावे, असा तिचा उपयोग. विमानतळावरही हीच नळी असते.

आमच्या उर्दू शाळेच्या भूगोलात 'बादनुमा' हा शब्द होता. बाद म्हणजे वारा आणि नुमा म्हणजे दाखवणारा. शब्द पाठ होता, परंतु वस्तू कधी हाताळली नव्हती. मास्टर म्हणाले, "भाई, नारिंगी कापड द्या, मजबूत पाहिजे." आमच्याकडे नारिंगी सुती ड्रिलचा शिल्लक ताका पडून होता. जाड, मजबूत आणि खपत नसलेला. आम्ही तोच दिला, आणि भावात सूट दिल्याचे पुण्यही पदरात पाडून घेतले. मास्टरांची शिलाई उत्तम होती. नळी खांबावर चढली. कारखान्याला ती आवडली.

जूनचा पाऊस आला आणि कापड भिजले. सुती ड्रिल भिजले की त्याचे वजन किती वाढते, हे आमच्यापेक्षा चांगले कोणाला माहीत असणार? परंतु तो विचार आमच्या मनात आला नाही. त्याच महिन्यात कारखान्यात आपत्तीची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला. कामगारांनी वर पाहिले. नळी सरळ खाली लोंबत होती. वारा नाही असे समजून सारे जवळच्या फाटकाशी जमले. तेव्हा सुपरवायझरचे लक्ष धुराड्याकडे गेले. धूर सरळ त्याच फाटकाकडे येत होता. वारा चांगला वाहत होता, फक्त आमचे कापड तो नाही म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ते सुपरवायझर दुकानात आले. ओली नळी त्यांनी आमच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "शेठ, हे कापड खोटं बोलतं."

तीस वर्षांच्या धंद्यात आम्हाला पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले. रंग उतरला, पन्हा कमी भरला, माल उशिरा आला. परंतु असे बोलणे कोणी ऐकवले नव्हते. त्या दिवशी अमोनिया खरोखर सुटला असता तर? आम्ही छत्रीसाठी वापरतात तसले हलके नायलॉन मागवले, मास्टरांकडून नवी नळी शिवून घेतली आणि एक पैसाही घेतला नाही. परंतु धडा राहिला. खांबावर नळीच नसती तर कामगारांनी धुराड्याकडे पाहिले असते, झाडाकडे पाहिले असते. नळी होती म्हणून त्यांनी दुसरीकडे पाहिलेच नाही. मुळीच खबर नसण्यापेक्षा चुकीची खबर अधिक घातक असते, हे आम्ही आमच्याच मालातून शिकलो.

वैमानिकाला काय काय सांगावे लागते

यानंतर आम्हाला या विषयाची गोडी लागली. जे समजले ते सोप्या शब्दांत वाचकांपुढे ठेवतो.

धावपट्टीला नाव नसते, क्रमांक असतो, आणि तो क्रमांक म्हणजे दिशा होय. ११ म्हणजे उत्तरेपासून मोजलेले सुमारे ११० अंश. त्याच पट्टीवर उलट बाजूने उतरले की तिचे नाव होते २९. लोहगावची पट्टी १० आणि २८ आहे. विमानाला समोरून येणारा वारा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून विमाने सहसा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. वारा पाठीमागून असला तर विमान अधिक वेगाने जमिनीला टेकते आणि थांबायला अधिक पट्टी खाते. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेले विमान कोळिकोडला पावसात पट्टीच्या पलीकडे दरीत गेले. विमानात १९० जण होते, त्यांतील २१ मरण पावले. त्या वेळीही वारा पाठीमागून होता. आखातात कामाला गेलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. त्यामुळे पाठीमागचा वारा ही काय चीज आहे, हे आपणास दुरून पाहता येत नाही.

दुसरी बाब दृश्यमानतेची. हवेचे तापमान आणि दव पडण्याचे तापमान एकमेकांजवळ आले की धुके धरते. हिवाळ्यात पवना आणि इंद्रायणीच्या काठाने सकाळी दुचाकी चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. हे दोन आकडे मोजले तर धुके पडण्याचा अंदाज अगोदर येतो. नुसत्या नजरेने पाहणाऱ्याला ते पडल्यावरच कळते.

तिसरी बाब हवेच्या दाबाची. विमानातील उंचीचे यंत्र खरे तर हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंची सांगते. म्हणून त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब वैमानिकाला कळवावा लागतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे २७ ते ३० फुटांची चूक. दाब दहाने चुकला तर वैमानिकाला वाटते त्यापेक्षा जमीन पावणेतीनशे-तीनशे फूट जवळ असू शकते.

चौथी बाब खुद्द पट्टीची. ती कोरडी आहे, ओली आहे की तिच्यावर पाणी साचले आहे? नोव्हेंबर २०२१ पासून जगभर यासाठी एकच पद्धत ठरली आहे. पट्टीचे तीन भाग करावयाचे आणि प्रत्येकाला ० ते ६ असा गुण द्यावयाचा. कोरडीला ६, ओलीला ५, आणि ३ मिलिमीटरहून अधिक पाणी साचले असेल तर एकदम २. तीन मिलिमीटर म्हणजे किती? आपल्या कोटाच्या कापडाचे दोन-तीन पदर! एवढ्याशा पाण्याने गुण पाचावरून दोनावर येतो. शिवाय पट्टीवर कुत्री आहेत का, डुकरे आहेत का, कडेला गवत कापणारे मजूर आहेत का, हेही सांगावे लागते.

मोठ्या विमानतळांवर या हवामानाचा अहवाल साधारणपणे दर अर्ध्या तासाने निघतो. पट्टी बंद राहणार असेल तर तशी सूचना अगोदर निघते. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस लोहगावची पट्टी डांबरीकरणासाठी बंद होती. ते आधी जाहीर झाले होते, म्हणून व्यापाऱ्यांनी आपला माल आणि आपले पाहुणे मुंबईमार्गे वळवले. गैरसोय झाली, परंतु फसवणूक झाली नाही. खरी खबर वेळेवर मिळाली की नुकसान सोसता येते.

हवामानाचे शहर आणि बिनहवामानाच्या पट्ट्या

यातील दुर्दैवाची गोष्ट अशी की, हे सारे ज्ञान आपल्या दाराशी आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. मुख्य कार्यालय पुढे दिल्लीला गेले, परंतु यंत्रे, नोंदी आणि जाणकार येथे राहिले. पाषाणला उष्णप्रदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. आमच्या चिंचवडमध्येही हवामान खात्याचे स्वयंचलित केंद्र आहे आणि तेथील पावसाचा आकडा वर्तमानपत्रात येतो. देशाला मान्सून सांगणारे हे शहर. येथून शंभर किलोमीटरवरच्या पट्टीवर मात्र वारा सांगायला विद्यार्थ्यांचे शिक्षक बसत होते. त्या शिक्षकांना आम्ही दोष देत नाही. ज्याचे काम मुलांना विमान शिकवणे आहे, त्याच्यावर आपण दुसऱ्याची अमानत ठेवली.

आणि हे फक्त बारामतीचे नाही. २४ ऑगस्ट २०२४ ला पौडजवळ मुसळधार पावसात हेलिकॉप्टर कोसळले. सुदैवाने चौघेही वाचले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २ ऑक्टोबरच्या सकाळी, बावधनजवळ उड्डाणानंतर काही मिनिटांतच दुसरे हेलिकॉप्टर कोसळले आणि तिघे गेले. डोंगरात धुके होते असे त्या वेळी सांगण्यात आले. बावधन म्हणजे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाची हद्द. कारखाने, बंगले आणि क्रीडासंकुले यांच्या आवारात हेलिपॅड होत आहेत. गोल आखला, मध्ये इंग्रजी अक्षर काढले, झाले काम! त्या गोलापाशी वारा आणि धुके मोजणारे काही आहे का, हे विचारणारे कोणी नाही.

मीटरपट्टीवर शिक्का, वाऱ्यावर नाही?

काही बंधू म्हणतील, "आम्ही कापडवाले, भंगारवाले, फॅब्रिकेशनवाले. खासगी विमानात बसणारे वेगळे. त्यांचे ते पाहतील." हा विचार आम्हाला पटत नाही.

पहिली गोष्ट, अशा धावपट्ट्या कोणाच्या पैशाने होतात? बारामती, लातूर, नांदेड, यवतमाळ, धाराशिव या धावपट्ट्या एमआयडीसीकडे होत्या. २००९ मध्ये त्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीला देण्यात आल्या. एमआयडीसी म्हणजे आपले भूखंड, आपले पाणीपट्टीचे बिल, आपला सेवाकर. म्हणजे या व्यवहारात आपणही भागीदार आहोत.

दुसरी गोष्ट, विमानात फक्त शेठ बसत नाही. त्याच्यासोबत पगारी माणूस बसतो. बावधनला गेलेल्या तिघांत दोन वैमानिक होते आणि एक अभियंता. तिघेही नोकरीवर होते. आपली मुलेही आता वैमानिक होण्यासाठी, विमानदुरुस्ती शिकण्यासाठी जात आहेत. घर गहाण टाकून फी भरणारे बाप आम्ही पाहिले आहेत. ती मुले याच छोट्या पट्ट्यांवर शिकतात.

तिसरी गोष्ट न्यायाची आहे. आमच्या दुकानातील लोखंडी मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. ठरावीक मुदतीने ती तपासून घ्यावी लागते. शिक्का जुना निघाला तर निरीक्षक दंड करतो, आणि तो योग्यच करतो. गिऱ्हाइकाला अर्धा इंच कापड कमी जाऊ नये म्हणून सरकार एवढी काळजी घेते. मग पाच माणसांचा जीव ज्या आकड्यावर उतरतो, तो वाऱ्याचा आणि दृश्यमानतेचा आकडा कोणत्या शिक्क्याच्या यंत्राने मोजला, कोणत्या माणसाने सांगितला, कोणत्या वहीत लिहिला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही काय? भाजीवाल्याच्या तराजूला जो कायदा आहे, त्याहून ढिला कायदा धावपट्टीला कसा चालेल?

यावर एक उत्तर नेहमी येते. दिवसाला दोन विमाने उतरतात, त्यासाठी माणूस आणि यंत्र कसे परवडेल? धंदेवाईक माणसाला हे उत्तर चटकन पटते, म्हणूनच त्याची तपासणी केली पाहिजे. गिऱ्हाईक कमी आहे म्हणून कोणी तराजूशिवाय दुकान उघडत नाही. परवडत नसेल तर दुकान बंद ठेवतो. तोच नियम येथे लावावा. ज्या वेळी हवामान मोजणारे यंत्र चालू नाही आणि जबाबदार माणूस जागेवर नाही, त्या वेळी संकटात सापडलेले विमान सोडून इतरांसाठी ती पट्टी बंद असावी. मंत्र्याचे विमान असो की उद्योगपतीचे. बड्या माणसाची घाई ही वाऱ्याची दिशा बदलत नाही.

शिवाय हे यंत्र काही विमानापुरतेच उपयोगी नसते. वारा, पाऊस, दाब आणि धुके यांचे आकडे शेतकऱ्याला हवेत, मालवाहतूकदाराला हवेत. मालेगावहून चाकणला ग्रे कापडाचा ट्रक येताना चंदनापुरी घाटात पाऊस आहे की नाही, हे आम्ही आजही चालकाला फोन करून विचारतो. "थोडासा आहे, शेठ," असे तो म्हणतो. त्या 'थोडासा'ने आमच्या किती गाठी भिजवल्या, याची यादी काढली तर हे पान पुरणार नाही. एका केंद्राचे आकडे सर्वांना खुले केले, मराठीत फळ्यावर आणि मोबाइलवर दिले, तर त्याचा खर्च गावालाही जड वाटणार नाही.

आमच्या मागण्या

बोलून थांबण्यापेक्षा चार मागण्या स्पष्टपणे मांडतो. व्यापारी आणि लघुउद्योजकांच्या संघटनांनी त्या आपल्या निवेदनांत घ्याव्यात.

एक, राज्यातील प्रत्येक छोट्या धावपट्टीवर हवामान खात्याने तपासलेले स्वयंचलित केंद्र असावे आणि त्याचे आकडे वैमानिकाला रेडिओवर आपोआप ऐकू यावेत. दोन, तेथे प्रशिक्षित, पगारी आणि सही करणारा निरीक्षक असावा. या कामासाठी आपल्या पदवीधर मुलांना संधी आहे, त्यांनी हवामान खात्याच्या भरतीकडे लक्ष ठेवावे. तीन, खबर नाही तर उतरणे नाही, हा नियम लेखी व्हावा. चार, औद्योगिक पट्ट्यातील हेलिपॅडना परवानगी देताना वारा आणि दृश्यमानता मोजण्याची सोय ही अट असावी.

पुढे कधी चाकणच्या छोट्या धावपट्टीचा विषय पुन्हा निघाला, तर बैठकीत उठून आम्ही पहिला प्रश्न हाच विचारणार. आमच्या बंधूंनीही विचारावा.

कारागिरांसाठी दोन शब्द

शेवटी आपल्या टेलर आणि ताडपत्रीवाल्या बंधूंसाठी थोडी कामाची माहिती देतो. विंडसॉकचे काम लहान आहे, परंतु कारखाने, हेलिपॅड आणि धावपट्ट्या यांना ते लागते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे विमानतळावरची नळी किमान ३.६ मीटर लांब आणि मोठ्या तोंडाशी किमान ०.९ मीटर व्यासाची असावी लागते. आकार निमुळता. रंग शक्यतो पांढरा किंवा नारिंगी. दोन रंग वापरावयाचे तर पाच पट्टे, आणि पहिला व शेवटचा पट्टा गडद रंगाचा. ३०० मीटर उंचीवरून ती ओळखू आली पाहिजे. अमेरिकेत नळी ३ नॉटच्या मंद वाऱ्यातही फिरली पाहिजे आणि १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या वाऱ्यात पूर्ण ताठ उभी राहिली पाहिजे, असे माप ठरलेले आहे. कापड हलके नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्यावे, पाणी न शोषणारे आणि उन्हात न विटणारे. दोरा पॉलिस्टरचा आणि शिवण दुहेरी. ज्या कड्यावर नळी फिरते ते गंजू नये. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, रंग उडाला किंवा कापड फाटले की नळी बदलायची, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगावे. आम्ही तर आता बिलावर तारीख टाकून देतो आणि वर्षाने स्वतः फोन करतो.

शिल्लक ताका खपवण्याची ही जागा नव्हे. आमच्याकडून ती गफलत एकदा झाली. तालीम होती म्हणून कोणाचे काही गेले नाही. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे सारे लिहिले.